शेवटचे कोकरू पार होईपर्यंत

मित्रांनो, पूल एकदा बांधला की तो जागचा हलत नाही, असे तुम्हाला वाटत असेल. बहुतेक पूल तसेच असतात. मी मात्र दिवसातून अनेकदा उठतो आणि पुन्हा आडवा होतो. लिंबतळ गावाच्या ओढ्यावरचा मी उचलता पूल आहे. आता जुना झालो आहे. तुमच्यापैकी जे माझ्यावरून सायकलीने शाळेत जातात, त्यांना माझ्या फळ्यांचा खडखडाट चांगला ओळखीचा आहे. पण मी कोणासाठी उठतो, कोणाला थांबवतो आणि ते कोणत्या नियमाने, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

उजनी धरणाचा फुगवटा लिंबतळपर्यंत पोहोचला, तेव्हा गावाच्या पश्चिमेचा ओढा काठोकाठ भरला. ज्या ओढ्यातून बैलगाडी नुसती चाके भिजवून पलीकडे जात असे, तिथे उभा माणूस बुडेल एवढे पाणी झाले. गाव अलीकडे राहिले. उसाची शेते आणि चराईचा माळ पलीकडे गेला. गावाला पूल हवा होता. त्याच वेळी ओढ्याच्या आतल्या भागात, टेकडीच्या आडोशाला, होड्या आणि प्रवासी लाँच बांधल्या जाऊ लागल्या होत्या, कारण बाहेर मोठ्या पाण्यावर वारा सुटला की बांधलेली नावही सुरक्षित राहत नाही. ओढ्याच्या तोंडावर सखल पूल बांधला असता, तर या नावा आत कोंडल्या गेल्या असत्या. उंच पूल पेलण्याइतका तिथला काठ टणक नव्हता. म्हणून माझा नकाशा काढला गेला.

माझ्या तुळया म्हणजे जुन्या नॅरोगेज मार्गाचे काढलेले रूळ. कुर्डुवाडीच्या एका शेडमध्ये ते कापले, जोडले आणि ट्रकवर घालून इकडे आणले. आयुष्यभर जमिनीवर पडून राहिलेल्या रुळांना उतारवयात उठाबशा काढायला शिकवल्या, असे तेव्हाचे मिस्त्री गमतीने म्हणत. माझे एक टोक पलीकडच्या काठावरच्या दगडी खांबाला जाड बिजागरीने धरले आहे. त्याच्या मागे दगडांनी भरलेली लोखंडी पेटी आहे. तिथलेच हातचक्र फिरवले की पेटी खाली जाते, माझे दुसरे टोक वर उचलले जाते आणि खालून लाँच निघून जाते. पेटीचे वजन नेमके साधलेले असल्यामुळे एकटा माणूसही मला उचलू शकतो.

माझे पहिले राखणदार शरणप्पा. ते अक्कलकोटकडचे. मराठी बोलत, पण मनातले बोलायचे झाले की कानडीत शिरत. चक्राला हात घालताना ते मला म्हणत, "एळप्पा, एळु." म्हणजे ऊठ बाबा, ऊठ. खाली आणताना म्हणत, "मलगु." म्हणजे नीज आता. माझ्या शेजारी पत्र्याची पाटी होती आणि तिच्यावर तीन नियम रंगवलेले होते. लाँचने एक लांब आणि एक आखूड भोंगा दिला की पूल उचलावा. पुलावर माणूस, जनावर किंवा वाहन असताना तो उचलू नये. आजारी माणूस असेल, तर तो पाण्यावर असो वा रस्त्यावर, त्याला आधी वाट द्यावी.

नावेला आधी वाट का, असे कोणी कुरकुरत विचारलेच, तर शरणप्पांचे उत्तर तयार असे. "तुमच्या गाडीला ब्रेक हाय. नावेला कुटं हाय?"

ती वर्षे कौतुकाची होती. पलीकडच्या गावांतून पाहुणे मला बघायला येत. लग्नाचे वऱ्हाड लाँचने आले की मी उचलेपर्यंत वाजंत्री लाँचमध्येच वाजू लागत. पावसाळ्यानंतर पाणी माझ्या पोटाला लागे तेव्हा माझे काम वाढे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की होड्या माझ्या खालूनच जात आणि मी पडून राही.

पुढे शरणप्पा निवृत्त होऊन अक्कलकोटला गेले. त्यांची जागा बरेच दिवस भरली गेली नाही. बिजागरीतले ग्रीस वाळले. दोन फळ्या कोणीतरी काढून नेल्या. पाटीवरच्या रंगाचे पोपडे निघाले आणि त्यावर एका आमरस केंद्राची जाहिरात चिकटली. लाँचवाला जोतिराम भोंगा देऊन थकला की स्वतःच उतरून चक्र फिरवी आणि खाली आणायला विसरून निघून जाई. रस्त्यावरचे लोक मग त्याच्या नावाने बोटे मोडत.

हे थांबले ते शरणप्पांची मुलगी दानेश्वरी कामावर आली तेव्हा. तिने आयटीआय केले होते. लिंबतळमध्येच लहानाची मोठी झाली असल्यामुळे ती बोलतही इथल्यासारखीच. पहिल्या आठवड्यात तिने माझे सांधे खरडून स्वच्छ केले, ग्रीस भरले, फळ्या बसवल्या आणि पाटीवरची जाहिरात ओल्या फडक्याने सोडवून काढली. चक्र हलके फिरू लागल्यावर तीही वडिलांसारखी म्हणाली, "एळप्पा, एळु." मी उठलो.

पण तोवर रस्ता बदलला होता. उसाचे क्षेत्र वाढले होते. गळीत हंगामात भरलेल्या ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर एकामागून एक येत, आणि नेमक्या त्याच महिन्यांत पाणीही चढलेले असे. लाँच एकदा गेली की रस्त्यावर रांग लागे. रांगेत बहुधा सोमलिंगचा ट्रॅक्टर पहिला असे आणि त्याची जीभही पहिली चाले.

"दानू, हा पूल हाय का झोपाळा? उठतोय काय, बसतोय काय!"

"झोपाळाच हाय दादा," दानेश्वरी चक्र न सोडता म्हणे. "पर टॅक्टरला झोका द्यायचा न्हाई."

"सोमलिंगा," खालून जोतिराम ओरडे, "ऊस काय पळून चाललाय व्हय?"

"पळत न्हाई, वाळतोय! हितं हुबा राहून त्याचं वजन घटतंय. तुझी मानसं वाळत्यात का?"

"म्हातारी तर व्हायल्यात की!"

सगळे हसत, पण रांगेतला राग खरा होता. तोडलेला ऊस खरोखरच वाळतो. हंगामाच्या तोंडावर ट्रॅक्टरवाल्यांनी आणि काही शेतकऱ्यांनी मिळून मागणी केली, की पूल वेल्डिंग करून कायमचा बसवून टाकावा. तसे झाले असते, तर जोतिरामची लाँच आणि आतल्या सगळ्या होड्या ओढ्यात अडकल्या असत्या. दानेश्वरीचे कामही संपले असते, कारण न हलणाऱ्या पुलाला राखणदार कशाला लागतो?

शाखा अभियंता राजशेखर पाहणीला आले. तरुण होते, पण घाई करणारे नव्हते. दोन दिवस काठावर बसून त्यांनी रस्ता पाहिला, पाणी पाहिले आणि मग तोडगा काढला. हंगामात भोंगा वाजेल तेव्हा-तेव्हा पूल उचलायचा नाही. सकाळ, दुपार, तिसरा प्रहर आणि संध्याकाळ अशा चार वेळा ठरवायच्या, म्हणजे ट्रॅक्टरवाल्यांनाही वेळेचा अंदाज राहील आणि लाँचवाल्यालाही.

"हा हंगाम असा काढून बघू," ते म्हणाले. "वेळा काटेकोर पाळल्या गेल्या आणि तक्रार आली नाही, तर पूल उचलता राहील. नाहीतर वेल्डिंगची शिफारस मला करावी लागेल."

ते गेल्यावर जोतिराम दानेश्वरीला म्हणाला, "पोरी, आता तुझ्या घड्याळावर आमचं समद्यांचं पोट हाय."

तेव्हापासून दानेश्वरी माझ्याकडे कमी आणि घड्याळाकडे जास्त पाहू लागली. यात तिचे काही चुकत होते असे मला वाटत नाही. दिवाळी गेली, ट्रॅक्टर धावू लागले आणि वेळा पाळल्या जाऊ लागल्या. सोमलिंगसुद्धा वेळ पाहून निघू लागला.

आता गोजाबाईविषयी सांगितले पाहिजे. ऊस तुटून फड मोकळे झाले की तिची मेंढरे गावाकडून पलीकडच्या रानात बसायला जात. तेवढेच रानाला खत मिळते. कळपाच्या पुढे बाळ्या नावाचा मोठा मेंढा असे, त्याच्या गळ्यात पितळी घंटी असे आणि त्याच्याही पुढे स्वतः गोजाबाई. मागून कुत्रा. मेंढरू वाट पाहून चालत नाही, पुढच्याच्या मागे चालते. त्यामुळे घंटी पलीकडे गेली की सारा कळप तिच्यामागे ओढला जातो. शरणप्पांच्या काळात कळप पुलावर आला की ते चक्रापासून दूर होऊन तंबाखू मळत बसत आणि लाँच कितीही भोंगे देवो, शेवटचे मेंढरू जाईपर्यंत उठत नसत. ही गोष्ट पाटीवर नव्हती. त्यांनी ती मुलीला सांगितलीही नव्हती. तो एखादा नियम आहे असे त्यांच्या मनातच आले नसावे. गोजाबाई नेहमी पहाटे पार होई, त्यामुळे ठरलेल्या वेळेशी तिची गाठही कधी पडली नव्हती.

एके दिवशी ती गाठ पडली. वाटेत एक मेंढी व्याली म्हणून गोजाबाईला उशीर झाला. नवे कोकरू खांद्यावर घेऊन ती पुलावर आली, तेव्हा तिसऱ्या प्रहराची वेळ जवळ आली होती. बाळ्या पार झाला, त्याच्या मागे निम्मा कळप पार झाला. तेवढ्यात ओढ्याच्या आतून जोतिरामने लांब आणि आखूड भोंगा दिला. रस्त्यावर ट्रॅक्टर गुरगुरत होते. दानेश्वरीने घड्याळ पाहिले. वेळ झाली होती.

तिने गावाकडची साखळी टाकली. उरलेला कळप अलीकडे थांबला. जी मेंढरे पुलावर होती, त्यांना तिने पलीकडे जाऊ दिले. माझ्यावरून पलीकडे परत येताना एकही जनावर राहिले नाही, याची खात्री केली. पाटीवरचा प्रत्येक शब्द पाळून तिने चक्राला हात घातला.

"नगं! नगं तोडू कळप!" कळपापुढून गोजाबाई ओरडत होती. इंजिनांच्या आवाजात ते चक्रापर्यंत पोहोचले नाही.

मी उठलो. माझ्या आणि अलीकडच्या काठामध्ये पाण्याची फट पडली. पलीकडे बाळ्याने मान हलवली आणि घंटी वाजली.

साखळीखालून एक मेंढी निघाली. काठावर ती थांबली नाही, थेट पाण्यात गेली. तिच्यामागे दुसरी गेली, मग उरलेली सगळीच. दानेश्वरी चक्र सोडून धावू शकत नव्हती. हात सुटला असता तर मी खालच्या मेंढरांवर कोसळलो असतो. ती दोन्ही हातांनी चक्र धरून ओरडत राहिली, "निल्लु! निल्लु!" थांबा, थांबा. वडिलांची भाषा तिच्या तोंडून आपोआप येत होती.

जोतिरामची लाँच तोपर्यंत तोंडाशी आली होती. मेंढरे पंख्यात सापडतील हे पाहून त्याने इंजिन बंद केले. इंजिन बंद होताच वाऱ्याने लाँच आडवी लोटली आणि ती माझ्या दगडी खांबावर आदळून पुढची फळी फुटली. तिकडे त्याने पाहिलेही नाही. तो आणि त्याचे प्रवासी हाताला लागेल ते मेंढरू लोकरीला धरून वर ओढत होते. रस्त्यावरून सोमलिंग ट्रॅक्टर सोडून धावत आला आणि ऊस आवळायचा दोर पाण्यात फेकून काठावर पालथा पडला. मेंढराला पोहता येते, पण भिजलेली लोकर त्याला खाली खेचते. बरीच वाचली. काही वाचली नाहीत.

गोजाबाईने मेलेली मेंढरे काठावर एका ओळीत ठेवली. जिवंत असलेल्यांना पोत्याने खसाखसा पुसले. दानेश्वरी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "हे कोकरू धर जरा. मला हात मोकळं हवं."

संध्याकाळी दानेश्वरीने माझ्या कठड्याशी बसून वडिलांना फोन लावला.

"अप्पा, पुलावर मेंढरं असली की तुमी काय करत होता?"

"काय करनार?" पलीकडून आवाज आला. "थांबत होतो की."



गावात मोबाइलवरून चित्रफीत फिरली. पूल मेंढरे खातो, असे कोणीतरी तिच्याखाली लिहिले. दोन दिवसांनी राजशेखर आले. बैठक माझ्याच फळ्यांवर झाली, कारण ट्रॅक्टरवाले काठावर आणि होडीवाले पाण्यात, दोघांनाही सोयीची जागा तीच होती.

"आता तरी बसवून टाका साहेब," सोमलिंग म्हणाला. त्या दिवशी दोराने सोलवटलेले हात त्याने पाठीमागे धरले होते. "जो हलणारच न्हाई तो बुडवणार कुणाला?"

त्याच्या म्हणण्यात चूक काढता येण्यासारखी नव्हती. राजशेखरांनी दानेश्वरीकडे पाहिले.

"मी नियम मोडला न्हाई साहेब," ती म्हणाली. "पर मेंढरं बुडाली. दोन्ही खरं हाय."

"गोजामावशी," राजशेखर म्हणाले, "नुकसान तुमचं झालंय. पूल कायमचा बसवावा असं तुमचं म्हणणं असेल, तर मी आजच तशी शिफारस करतो."

जोतिराम माझ्या फळ्यांकडे पाहत राहिला. फुटलेल्या लाँचला त्याने पत्रा ठोकला होता आणि ती खाली हेलकावत होती. दानेश्वरीचा हात चक्रावर होता. काम नसतानाही तो तिथेच होता.

गोजाबाईने पदर सावरला. "पूल बसवला तर माझं काय बिघडतंय साहेब? काय बी न्हाई. माझी मेंढरं खुशाल जात्याल." मग तिने जोतिरामकडे हनुवटी उडवली. "पर ह्याची लाँच? ती काय हा खांद्यावर घिऊन जाईल व्हय?"

कोणीतरी हसले.

"हसू नगा. त्यानं त्या दिशी इंजन बंद केलं म्हनून माझी निम्मी मेंढरं हायती. त्याची नाव फुटली, तरी आधी मेंढरं वडली. आन् मी आज म्हनू, त्याची वाट बंद करा? ह्या सोमलिंगाचं हात बघा की, लपवतोय कशाला!" मग ती राजशेखरांकडे वळली. "पूल उठू द्या. पर माझं शेवटचं मेंढरू पल्याड गेल्याबिगर उठू दिऊ नगा. मला दुसरं काय बी नगं."

"मी थांबंन की मावशी," जोतिराम चटकन म्हणाला. मग त्याचा आवाज खाली आला. "पर साहेब, वारं असलं की तोंडाशी लाँच हुबी ऱ्हात न्हाई. थांबायचं तर कशाला धरून थांबू?"

"आन् आमी चढावर थांबतो," सोमलिंग म्हणाला. "भरलेली ट्रॉली मागं वडती. तिच्या चाकाला दगड लावता लावता जीव जातो. म्हनून तर आमी कावतो!"

राजशेखर उठून कठड्याशी गेले. एकदा खाली पाण्याकडे आणि एकदा मागे रस्त्याच्या चढाकडे त्यांनी पाहिले. "कोणी कधी थांबायचं ते मी ठरवलं," ते म्हणाले. "कुठे थांबायचं ते ठरवायचं राहून गेलं."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात पुष्कळ माणसे माझ्यावर उभी राहून बोलली. त्या बैठकीइतके उपयोगाचे बोलणे मी ऐकलेले नाही. पंधरवड्याच्या आत ओढ्याच्या आतल्या बाजूला दोन लोखंडी खुंट रोवले गेले आणि त्यांना जुने टायर बांधले गेले, म्हणजे थांबलेली लाँच तिथे दोर टाकून उभी राहील. रस्त्यावरची साखळी चढावरून मागे सपाटीला नेली. तिथे लिंबाची तीन रोपे लावली; त्यांना पाणी घालायचे सोमलिंगने कबूल केले आहे आणि अधूनमधून तो घालतोही. वेल्डिंगची शिफारस गेली नाही. पाटी नव्याने रंगवली गेली. तिच्यावर चार वेळा आहेत, जुने तीन नियम आहेत आणि खाली चौथा आहे: कळप पुलावर चढला की त्याचे शेवटचे जनावर पार होईपर्यंत ठरलेली वेळ आली नाही असे समजावे.

मला तुमच्याकडून फार काही नको आहे. माझ्या फळ्या काढून नेऊ नका. बिजागरीत खडे घालू नका. त्यांनी माझे उठणे अडते आणि कोणाचेतरी पोट अडते. साखळी पडली की तिच्याखालून सायकल काढू नका. तुम्ही थांबलेले असता, तेव्हा पलीकडचे कोणीतरी तुमच्याचसारखे काम घेऊन निघालेले असते. आणि उद्या मोठे होऊन तुम्ही कोणाला थांबायला सांगणार असाल, तर आधी त्याला थांबण्यापुरती जागा करून द्या.

परवा गोजाबाईचा कळप पुन्हा ठरलेल्या वेळेलाच आला. बाळ्या घंटी वाजवत पुढे गेला. गोजाबाई आता पुढे चालत नाही. ती सगळ्यांच्या मागे असते. तिच्या जरा पुढे, त्या दिवशी तिच्या खांद्यावर असलेले कोकरू होते. ते माझ्या मध्यावर थांबले आणि फळीच्या फटीतून खाली पाणी पाहू लागले.

खुंटाला बांधलेल्या लाँचमधून जोतिराम ओरडला, "मावशी, उचला की त्याला! माझी मानसं म्हातारी व्हायली!"

"चालू दे रं. शिकतंय ते."

सपाटीवरून सोमलिंगने हॉर्न दिला. वेळ होऊन गेली होती. दानेश्वरी घड्याळाकडे न पाहता चक्राशी उभी होती. कोकराने फटीवरून उडी मारली, पुढच्या फटीवरून मारली आणि पलीकडच्या मातीवर उतरले. गोजाबाई त्याच्यामागून उतरली, वळली आणि तिने हात वर केला.

"झालं गं!"

"एळप्पा," दानेश्वरी मला म्हणाली, "एळु."

आणि मी उठलो.